भरल्या पोटाचं गाणं

बास्केटबॉल संघाच्या याडम प्रशिक्षकाची जीभ तिखट होती आणि त्याला तिचा भारी अभिमान होता. हरलेल्या संघाला हसवणं ही त्याच्या मते निम्मी प्रशिक्षकी. उरलेली निम्मी त्याला जमते की नाही यावर मंगोलियाच्या राजधानीत, उलानबातरमध्ये, दोन मतं होती, आणि त्या हिवाळ्यात 'नाही' म्हणणारे जोरात होते.

त्या दिवशीही ते हरलेच. शेवटची काही मिनिटं राहिली होती, गुणांचा फरक भरून निघण्यापलीकडे गेला होता, तेव्हा आता आणखी काय बिघडायचंय म्हणून त्यानं तुमेनला आत पाठवलं. तुमेन म्हणजे सात फुटाला दोन-तीन बोटं कमी असा गोबी वाळवंटाकडचा पोरगा. गेल्या शरदात याडमनंच त्याला एका शाळेच्या अंगणात हेरून आणला होता. उंची होती, हात मऊ होते, पण अंगावर मांस नावाला नव्हतं. आत गेल्या गेल्या प्रतिस्पर्ध्यानं नुसता खांदा लावला तर हा बाकावरच्या लोकांच्या मांडीत जाऊन पडला. मग चेंडू त्याच्या हातातून निसटून नाकावर बसला. मग आपल्याच कप्तानाच्या, सोद्नोमच्या, पायात पाय अडकवून त्यानं दोघांनाही खाली आणलं. लोक हसून हसून बेजार झाले.

खोलीत आल्यावर कोणी कोणाशी बोलेना. सोद्नोम गुडघ्यावर बर्फ धरून भिंतीकडे बघत बसला होता. ही शांतता याडमला सोसवली नाही. तो खेंती प्रांतातल्या, शर्यतीचे घोडे तयार करणाऱ्याचा मुलगा. त्याला एकदम नादाम, उन्हाळ्यातला खेळांचा उत्सव, आठवला. नादामला पाठीवर लहान पोरं बसवून दोन वर्षांच्या शिंगरांची शर्यत होते, आणि सगळ्यांच्या शेवटी जे शिंगरू धापा टाकत येतं त्याला कोणी हुसकावत नाही. त्याला मानानं लोकांपुढे उभं करतात, घोडीचं आंबवलेलं दूध त्याच्या अंगावर शिंपडतात आणि त्याच्यासाठी भरल्या पोटाचं गाणं म्हणतात. ते दुबळं म्हणून मागे पडलं नाही, पोट भरलेलं होतं म्हणून सावकाश आलं, असा त्याचा मान राखतात.

याडमनं थर्मासमधला खारा दूधचहा वाटीत ओतला, तुमेनला खोलीच्या मधोमध उभा केला, टाचा उंचावून त्याच्या कपाळावर दोन थेंब लावले आणि गळा काढला:

"शेवटी आलास, पण पोट भरून आलास!
दोष तुझ्या खुरांचा नाही, राजा,
लगाम लांब होता, स्वार लहान होता,
शिकवणारा तर ठार वेडा होता!
पुढच्या साली साऱ्या जगाची धूळ
तुझ्या शेपटीमागे उडेल!"

खोली हसण्यानं फुटली. सोद्नोमचा बर्फ खाली पडला. "सर, शिकवणारा वेडा, हे मात्र शंभर टक्के खरं," तो म्हणाला, आणि पुन्हा हशा झाला.

तुमेन हसला नाही. मान खाली घालून, हात अंगाशी धरून तो गाणं संपेपर्यंत उभा राहिला, आणि मग वाटी त्यानं दोन्ही हातांनी घेतली. पोरगं लाजलं, असं याडमला वाटलं. आपण संघाला हसवलं या आनंदात तो घरी गेला आणि छान झोपला.

काही आठवड्यांनी संघाचे मालक गाल्सन साहेब यांनी त्याला बोलावून घेतलं. साहेबांचा सिमेंटचा धंदा. माणूस वाईट नव्हता, फक्त हरायची सवय नव्हती त्याला.

"सर्बियाचा एक खेळाडू मोकळा झालाय," गाल्सन म्हणाले. "मोठा आडदांड आहे. पण आपल्याकडे जागा भरल्यात. एक रिकामी करावी लागेल. तो तुमचा टेलिफोनचा खांब, तो कधी खेळणार?"

"यंदा नाही."

"पुढच्या वर्षी?"

"अंग भरलं तर."

"आणि नाही भरलं तर?"

याडमनं चहाचा कप उचलला.

"मास्तर, मी सिमेंट विकतो. सुकायला वेळ लागतो हे मला नका शिकवू. पण सुकेपर्यंत छत कोणी धरून ठेवायचं?" गाल्सन खुर्चीत मागे रेलले. "तरी तुमचा शब्द मी मोडणार नाही. तुम्ही छातीठोकपणे सांगा, ठेवा म्हणून. मी त्या सर्बियावाल्याला नको कळवतो. फक्त एक. मग संघ तळाला गेला, तर त्या पोराबरोबर तुमचीही पिशवी भरायची."

याडमला त्या पोराबद्दल काय वाटत होतं ते स्पष्ट सांगायला हवं. त्याला खात्री होती. दुधाचे दात पडायच्या आधीच शिंगरू ओळखणाऱ्या माणसाच्या घरात तो वाढला होता. सरावात कोणाच्या लक्षात येत नसे, पण चेंडू कुठे जाणार हे तुमेनच्या डोळ्यांना इतरांच्या आधी कळायचं. पायच तेवढे मागून पोचायचे. दोन हिवाळे पोटभर मांस आणि पाठीवर हात, एवढंच त्याला हवं होतं. असा पोरगा आपल्या हाती पुन्हा लागणार नाही, हेही याडमला ठाऊक होतं. आणि हे सगळं ठाऊक असून तो काय म्हणाला, तर, "बघा साहेब. तुम्हाला योग्य वाटेल तसं करा."

म्हणजे 'काढा त्याला' म्हणायला जेवढी हिंमत लागते, तेवढीही त्याला खर्चावी लागली नाही. गाल्सननी मान डोलावली आणि फोन उचलला.

पोराला सांगायचं काम अर्थातच याडमकडे आलं. आज सांगू, उद्या सांगू करत त्यानं दोन दिवस घालवले. तिसऱ्या दिवशी सराव संपल्यावर त्यानं तुमेनला थांबवलं. "तुमेन, जरा बोलायचंय."

"मलाही, सर," तुमेन म्हणाला. एरवी तोंडातून शब्द निघायची मारामार, आज चेहरा नुसता उजळला होता. "बाबा आलेत. कालच. तुम्हाला घेऊनच ये म्हणालेत. मांस शिजत घातलंय."

"आले म्हणजे? किती दिवस?"

"कायमचे."

याडमनं त्याला गाडीत घेतलं. गाडीत सांगून टाकू, एक घाव दोन तुकडे, असं त्यानं ठरवलं होतं. पण शहराच्या टोकाच्या टेकडीवर, कोळशाच्या धुरात, गाडी चढायला लागली आणि पोरगा आपणहून बोलायला लागला. पुढच्या जागेवर त्याचे गुडघे हनुवटीला टेकले होते.

"तुम्ही गाणं म्हटलंत ना, सर, त्याच दिवशी मी बाबांना फोन केला. ते आधी बोललेच नाहीत. मग म्हणाले, नीट सांग, पूर्ण म्हटलं? वाटी दिली? म्हटलं, हो, कपाळाला लावलं पण. तर म्हणाले, मग ठरलं. शेवटच्याला मानानं उभं करतात ते लोक त्याला टाकत नाहीत."

याडमनं उगाच गिअर बदलला.

"मी त्यांना म्हटलं होतं, वसतिगृहात पोट भरत नाही. म्हणून आलेत. घोडे काकाला देऊन टाकले, मेंढ्या विकल्या, घराचा तंबू उतरवून ट्रकवर चढवला. म्हणाले, तुझं पोट भरायचं काम आता माझं, शिकवायचं काम मास्तरांचं." तो खिडकीबाहेर बघत हसला. "घोडे देताना रडले असतील. मला नाही सांगितलं, पण रडले असतील."

आपली थट्टा कोणी खरी मानेल हे याडमच्या डोक्यातही आलं नव्हतं. खेंतीतला असून, घोडेवाल्याचा मुलगा असून, शहरात राहून राहून त्याला विसर पडला होता की गोबीत ते गाणं कोणी उगाच म्हणत नाही.

कुंपणापाशी गाडी थांबवून त्यानं तुमेनला पुढे पाठवलं आणि थंडीत उभं राहून गाल्सनना फोन लावला.

"साहेब, तो पोरगा. मी छातीठोकपणे सांगतो. ठेवा त्याला. संघ तळाला गेला तर मी जातो. आत्ताच लिहून देतो."

"मास्तर," गाल्सन शांतपणे म्हणाले, "ही छाती परवा कुठे होती? तो माणूस सकाळी विमानातून उतरलासुद्धा. नावं कळवून झाली. आता वरातीमागून घोडे नका दामटू."

फोन खिशात टाकून याडम वाकून आत गेला.

घर म्हणजे लोकरीच्या नमद्याचं, गोल तंबूसारखं गेर, नुकतंच उभारलेलं, अजून मेंढ्यांच्या वासाचं. तुमेनचे वडील लुव्सन म्हणजे वाळलेल्या कातडीचा लहानखुरा म्हातारा. एवढा लांब पोरगा याला कसा झाला, असं वाटावं. त्यानं याडमला मानाच्या जागी, थेट उत्तरेला बसवलं. तपकिरीची बाटली दोन्ही हातांनी पुढे केली. चहा दिला. ताटलीत वाफाळलेलं मटण, चरबीचा उत्तम तुकडा वर. आडव्या पेटीवर घोड्यांची तीन लगाम व्यवस्थित गुंडाळून ठेवले होते. घोडे दिले, लगाम नव्हते दिले.

"मास्तर, तुमचे वडील घोडे तयार करायचे म्हणे," लुव्सन म्हणाला. "पोरानं सांगितलं. मग काय, मला काळजीच उरली नाही. घोडेवाल्याच्या हातात पोर दिलं की झालं."

"काका, तुमचा पोरगा चांगला आहे," याडमनं सुरुवात केली.

"कुठला चांगला. धड चालता येत नाही त्याला."

"नाही, खरंच. त्याचे हात चांगले आहेत. त्याला वेळ दिला पाहिजे. पण असं असतं ना, की संघ म्हटला की..."

ताकाला जाऊन भांडं लपवणं किती वेळ चालणार? लुव्सननं त्याच्या तोंडाकडे नीट पाहिलं. आयुष्यभर मुक्या जनावरांचे डोळे वाचलेला माणूस. "तुमेन," तो म्हणाला, "कोळसा आण रे. चूल मंदावली."

टोपली भरलेलीच होती. तरी तुमेन उठला, दारातून दुमडून बाहेर गेला.

"बोला."

"त्याला काढलंय," याडम म्हणाला. "परवाच. मला विचारलं होतं, आणि मी ठेवा म्हणालो नाही. आणि ते गाणं... काका, मी ते थट्टेत म्हटलं होतं. सगळे हरून बसले होते, म्हटलं जरा हसतील."

चुलीत काहीतरी तडकलं. लुव्सननं आतला कोळसा जरा सारला.

"थट्टेत," तो म्हणाला. रागावला नव्हता, नवीन शब्द ऐकल्यासारखा म्हणाला. "शिकवणारा वेडा होता, ती ओळ पण म्हटलीत?"

"म्हटली."

"हं."

त्यानं उठून चहात थोडं दूध वाढवलं, याडमची वाटी पुन्हा भरली. पाहुण्याची वाटी रिकामी ठेवायची नसते.

"तुम्हाला काय बोलू. चूक माझीपण आहे," लुव्सन म्हणाला. "मी स्वतः लहानपणी शिंगरावर बसून शेवटून पहिला आलोय. माझ्यासाठी म्हटलंय ते गाणं. पुढच्या साली पहिला येशील, म्हणाले. पुढच्या साली मी त्याच शिंगरावर बसायला गेलो, तर मला हसले. ते आता तीन वर्षांचं झालं होतं ना. दोन वर्षांच्यांत त्याला कोण घेतंय? ते गाणं खरं व्हायला नसतंच, मास्तर. पाठीवरच्या पोरानं रडू नये म्हणून असतं. मला सहा वर्षांचा असल्यापासून माहीत आहे हे." त्यानं पेटीवरच्या लगामांकडे पाहिलं. "आणि तरी मी घर घेऊन आलो."

"मी दुसऱ्या संघांना विचारतो," याडम म्हणाला. "माझी ओळख आहे. शब्द देतो तुम्हाला."

"नको," लुव्सन पटकन म्हणाला. "शब्द नको देऊ आता." पहिल्यांदाच त्यानं याडमला अरेतुरे केलं होतं, आणि ते दोघांच्याही लक्षात आलं. "पोराला मात्र तुम्हीच सांगा. गायलात तुम्ही, सांगाही तुम्हीच. माझ्याच्यानं होणार नाही."

तुमेन आत आला. कोळशानं हात काळे, भुवयांवर दहिवर गोठलेलं. वडिलांनी त्याच्यापुढे ताटली सरकवली आणि तो खायला बसला. वसतिगृहातल्या महिन्यांची सगळी भूक काढल्यासारखा तो खात होता. हाडं पोखरून मगज काढत होता, बोटं चाटत होता, मधूनच वर बघून दोघांकडे हसत होता. लुव्सन त्याला वाढत राहिला. याडमनं आपल्या ताटलीतला चरबीचा तुकडा त्याच्या ताटलीत सरकवला.

निघताना तुमेन त्याला कुंपणापर्यंत सोडायला आला. दारात म्हातारा दुधाची पळी घेऊन उभा होता; जाणाऱ्याच्या वाटेवर दूध शिंपडायचं असतं, आणि ते त्यानं शिंपडलं. थेंब बर्फावर पडताच गोठले.

याडमनं गाडीचं दार उघडलं. आता सांगायचं. तुमेन त्याच्यासमोर वाकून उभा होता, त्याचं तोंड आपल्या तोंडाच्या पातळीवर यावं म्हणून, जसा तो नेहमीच उभा राहायचा.

"सर, तुम्हाला माझ्याशी काहीतरी बोलायचं होतं."

"हो."

"काय?"

मागे गेरच्या दारात लुव्सन रिकामी पळी धरून बघत होता. याडमनं तोंड उघडलं.

"काही नाही रे," तो म्हणाला. "जेवत जा नीट."

"जेवणारच आता," तुमेन हसला. "उद्या सराव किती वाजता, सर?"

आणि याडम म्हणाला, "नेहमीच्याच वेळेला."