सातच्या सुमाराची लाईट

"दोनूय सारकेच," बाबली म्हणाला. "पण तो न्हय."

तो कामाच्या टेबलाकडे पाठ करून स्टुलावर बसला होता. मांडीवर गिटार. मागे उभा राहून गोपाळ त्याच्या गिटारचा आवाज कधी जुन्या लाकडी अँपमधून, म्हणजे अँप्लिफायरमधून, तर कधी त्याची नक्कल म्हणून बनवलेल्या, पायाने दाबायच्या छोट्या पत्र्याच्या डबीतून सोडत होता आणि कुठला कुठला ते सांगत नव्हता. आवाजाची रेघ दाखवणाऱ्या स्कोपच्या पडद्यावर दोन्ही रेषा एकावर एक बसत होत्या.

"सारके आसात मूं? मग जालें."

"कितें जालें? म्हाका म्हजो आवाज जाय," बाबली मागतच राहिला.

"अरे बाबा, त्यातलो एक तुजोच अँप आसा!"

"मग तोय न्हय," बाबली शांतपणे म्हणाला.

तो काचेच्या व्हॉल्व्हचा अँप गोपाळने सत्तावीस वर्षांपूर्वी डिचोलीच्या एका खाणीच्या वर्कशॉपमध्ये, सुट्टीच्या वेळात बनवला होता. ट्रान्सफॉर्मरसुद्धा हाताने गुंडाळलेला. खाण बंद पडल्यावर त्याने कारापुरात विजेच्या मोटारींचे वाइंडिंग, म्हणजे जळालेल्या तारेचे वेढे नव्याने गुंडाळायचे दुकान टाकले. आयुष्यभर त्याने दुसऱ्यांनी बनवलेल्या वस्तू दुरुस्त केल्या. स्वतःच्या डोक्याने केलेली वस्तू ही एकच. बाबलीने तो अँप किनाऱ्यावरच्या हॉटेलांतून वीस वर्षे वाजवला. एकदा एका परदेशी वादकाने तो उघडून कागदावर उतरवून नेला. घरी तसाच्या तसा बनवला आणि कळवले, की तसा वाजत नाही. गोपाळने ती चिठ्ठी बायकोला, क्षमाला, वाचून दाखवली होती. "हाताचो गूण," असे तेव्हा तो म्हणाला होता.

आता बाबलीचा मणका सरकला होता. अँपचे एकतीस किलो उचलायचे नाहीत, असे डॉक्टरांनी बजावले होते. शनिवारपासून मांद्र्याच्या नव्या हॉटेलात त्याला वाजवायचे होते. अँपचा आवाज डबीतून निघाला तर ठीक. "नायतर गिटार खुंटयेक," असे तो आल्याआल्याच सांगून बसला होता.

त्याने मोबाइलवर जुने रेकॉर्डिंग लावले. पार्से गावातल्या त्याच्याच घरच्या पडवीत संध्याकाळी वाजवलेले. गोपाळने कान दिला. जोरात छेडलेला सूर आधी किंचित दबत होता आणि मग फुलत होता. पडद्यावरच्या रेषांत ते दबणे कुठेच नव्हते. अँपचे व्हॉल्व्ह तर त्याने दोनदा बदलून पाहिले होते.

क्षमा चहा आणि उंडे पाव घेऊन आली. "भाऊजी, पार्शाक लाईट बरी आसा मूं आतां? आमच्या माहेराक अजून वचता-येता."

"आमचो नवो ट्रान्सफॉर्मर बसून दोन वर्सां जालीं गे वयनी. पयलीं सात वाजले, सगळ्यांचे पंप लागले, की बल्ब तांतयाच्या बलकासारको पिवळो. फॅनाचीं पातीं मेजूंक येतालीं."

"आनी हॉटेलांनी?"

"थंय आनीक वायट!"

गोपाळने कप खाली ठेवला. मोटारी तपासायला वापरतो तो, विजेचा दाब कमीजास्त करायचा डिमरस्टॅट त्याने कोपऱ्यातून ओढून आणला, अँपची वायर त्यात लावली आणि चकती हळूहळू मागे फिरवू लागला.

"वाजय."

दोनशे दहा. एकशे नव्वद. मीटरचा काटा एकशे चौऱ्याहत्तरवर आला, तेव्हा बाबलीचा हात तारांवर थांबला. मग तोच सूर त्याने तीनदा छेडला.

"हो!" तो वळून म्हणाला. "हो रे तो! कितें केलें तुवें? तुजो हात आजून तसोच आसा!"

गप्प राहता आले असते. बाबलीला व्होल्टेजमधले काही कळत नव्हते. क्षमा दारात उभी होती.

"हात म्हजो न्हय," गोपाळ म्हणाला. "लाईट तुमची. कमी दाबाची. म्हज्या टेबलार दोनशें तीस येता, तेन्ना वाजता तो म्हजो. तो तुका आवडना."

बाबलीने मीटरच्या काट्याकडे बोट केले.

"म्हणजे इतलीं वर्सां लोक नाचले ते कमी दाबार?"

"हय."

बाबली हसू लागला, पाठीत कळ आली तसा थांबला. गोपाळ हसला नाही. त्याने एकशे चौऱ्याहत्तर हा आकडा टेबलावरच्या कागदावर लिहिला.

जोराचा सूर आला की डबीला क्षणभर वीज अपुरी पडावी, अशी तजवीज करायला त्याला चार दिवस लागले. काम अवघड नव्हते. चांगला चालणारा भाग मुद्दाम अडखळायला लावायचा एवढेच. तीन वेळा त्याच्या हातून तो आपोआप नीट चालणारा झाला.

शुक्रवारी सकाळी बाबलीने डबी पायाने दाबली, दोन मिनिटे वाजवले आणि मान डोलावून गिटार पिशवीत घातली. मग म्हणाला, "डब्येर नांव घाल. तुजें."

गोपाळने मार्कर घेतला आणि झाकणावर गावाचे नाव लिहिले: पार्से.

बाबलीने ते वाचले. त्या अक्षरांवरून अंगठा फिरवला. "अँप हांगाच रावूं दी," एवढेच म्हणाला.

दुकानाच्या पायरीवरून गोपाळला बसथांबा दिसत होता. बस आली. बाबली सवयीने उजवीकडे वाकला, जमिनीजवळ त्याचा हात मुठीसारखा मिटला. उचलायला अँप नव्हता. तो सरळ झाला आणि चढला.

गोपाळ आत आला. पंपाची एक मोटार अर्धवट गुंडाळून पडली होती. वेढे किती झाले ते त्याला आठवेना. त्याने तार सोडवली आणि पहिल्यापासून मोजायला सुरुवात केली.