नोंदीत नसलेला रंग

नोंदीबाहेर. रविवार.

"नुसती खूण कर गं. काळ्यांच्या नावापुढं फुली, गोऱ्यांपुढं काही नको," ओडेसा म्हणाली आणि मक्याच्या पावाची ताटली बाजूला सारून तिनं यादी व्हर्लीनच्या टेबलावर पसरली.

चाळीस नावं. गुन्हा, तारीख, शिक्षा. कचेरीतून रीतसर मिळालेली. पण या कागदांत माणसाचा रंग नव्हता. तो तिथं बसलेल्यालाच दिसतो. व्हर्लीन टॉलिव्हर एकोणीस वर्षं तिथं बसली होती, न्यायाधीश क्रेनशॉ यांच्या उजव्या हाताला, टिपणयंत्रावर बोटं ठेवून, कोर्टातला शब्द न् शब्द नोंदत.

"पुढच्या रविवारी चर्चच्या दारात ही यादी वाटू. मंगळवारी जजच्या निवडणुकीचं मतदान. क्रेनशॉ पडला तर माझ्या टॅव्हारिसची गुरुवारची तारीख नव्या जजकडे ढकलून घेतो, म्हणालाय वकील."

"अगं, खुणा कुणी केल्या हे त्याला लगेच कळेल. मला नेमलंय त्यानंच. दुसऱ्या दिवशी मी घरी."

"मग बस की घरी! तुला बसायला घर आहे. माझं पोर कुठं बसणार?"

आतल्या खोलीत व्हर्लीनचा नवरा रॉस्को खोकला. त्याचं डायलिसिस तिच्या नोकरीच्या विम्यावर चालत होतं. ओडेसाला ते ठाऊक होतं, म्हणून ती दाराकडं बघत नव्हती.

व्हर्लीनचं बोट दोन नावांवर थांबलं. कोडी व्हॅन्स, घरफोडी, तीन वर्षं, स्थगित; म्हणजे तुरुंग नाहीच. रेजिनल्ड मॅके, घरफोडी, बारा वर्षं. एक गोरा, एक काळा; दोघांनीही रिकाम्या शेडमधून अवजारं उचलली होती. "आईला त्रास देऊ नकोस हं," असं न्यायाधीश कोडीला म्हणाले होते. तेही तिनंच टिपलं होतं.

तिनं पेन घेतलं. खाली ठेवलं.

"राहू दे इथं. बघते."

नोंदीबाहेर. पुढचा रविवार.

व्हर्लीन प्रार्थनेला गेली नाही. यादी पावाच्या डब्याखाली होती, एकाही फुलीशिवाय.

नोंदीत. मंगळवार.

क्रेनशॉ: ९,२१४. विरोधी उमेदवार: ८,९६०. न्यायाधीशाचा रकाना रिकामा सोडलेल्या मतपत्रिका: १,७०२.

(व्हर्लीननं विरोधातच मत दिलं होतं. ते कुणाला दिसत नाही.)

नोंदीबाहेर. बुधवार.

न्यायाधीशांनी जिंकल्याबद्दल कचेरीत पेकन पाय हा मेव्याचा गोड पदार्थ वाटला. "मोठा तुकडा घ्या, व्हर्लीन. तुमच्याशिवाय माझं पान हलत नाही!" सगळे हसले. तिनं ताटली घेतली आणि उभ्याउभ्या सगळा संपवला.

नोंदीत. गुरुवार.

न्यायालय: गुन्हा कबूल?

आरोपी: हो साहेब.

न्यायालय: काही सांगायचंय?

आरोपी: आईची माफी मागतो.

न्यायालय: एकशे ऐंशी महिने.

मागच्या बाकावरून ओडेसा उठली. अंगावर चर्चचा निळा कोट होता. "महिने? म्हणजे किती, साहेब?"

न्यायाधीश कागद चाळत होते. "नोंद वाचून दाखवा त्यांना."

व्हर्लीननं वाचलं, "एकशे ऐंशी महिने."

"ते ऐकलं मी. वर्षं किती गं?" कुंपणापलीकडून शेजारणीला विचारावं, तसं ओडेसानं विचारलं. त्या दालनात तिला दुसरं कोणी दिसतच नव्हतं.

वकील पिशवी आवरत होता. उत्तर देणं व्हर्लीनचं काम नव्हतं.

"पंधरा, ओडेसा," ती म्हणाली. "सुटेल तेव्हा चौतीसचा असेल."

"हे नोंदीत नको," न्यायाधीश म्हणाले.

ओडेसानं कोटाची वरची गुंडी लावली. टॅव्हारिसला आतल्या दारानं नेलं, ते दार बंद होईपर्यंत ती उभी राहिली. मग वळली.

"थँक यू, व्हर्लीन," ती म्हणाली. दुकानात सुटे परत घेताना म्हणतात तितकंच.

पुढच्या आरोपीचा पुकारा झाला.