मचाणाला फुटलेलं रक्त

कोहमाऱ्याजवळच्या त्या गावात मंगळवारी पाय ठेवायला जागा नव्हती. माता मायच्या देवळापुढचं भजनाचं उंच लाकडी मचाण रक्त गाळत होतं. एकेका खिळ्याखालून तांबडा ओघळ उतरला होता. मुन्नालाल महाराज, म्हणजे परवापर्यंत हायवेवर ट्रकची पंक्चरं काढणारा मुन्नालाल, रोज सकाळी मचाणाला घागरीने अभिषेक घालायचा आणि खाली गळलेलं तांबडं पाणी चमच्याने वाटायचा.

"मातेचं रक्त आहे भाऊ. गुडघे, शुगर, कोर्ट-कचेरी, सब ठीक."

गर्दीत मागे उभा बकाराम सुतार मात्र एकेक खिळा न्याहाळत होता. दोन पावसाळ्यांपूर्वी मचाण त्यानेच बांधलं होतं. आयुष्यभर सागात साधे खिळे ठोकलेला माणूस. वर्गणीत साग बसेना, म्हणून वाळवीचं औषध दाबाने भरलेलं हिरवट लाकूड आणलं. याला स्टेनलेस स्टीलचेच खिळे लाव, असं दुकानदाराने बजावलं होतं. हा मला खिळे शिकवणार, म्हणून बकारामने नेहमीचेच ठोकले.

हे रक्त कसलं, ते त्याला आठवड्यापूर्वीच कळलं होतं. पण चमत्काराला कोणी सुताराची चूक म्हणत नाही, उलट लोक त्याच्याही पाया पडत होते. तो चूप राहिला.

"आज चाळीस बाया वर बसून भजन करतील," महाराज म्हणाले. बकारामची बायको जमुनाबाई टाळ घेऊन पहिल्या पायरीवर चढलीसुद्धा.

"उतर खाली," बकाराम ओरडला.

"काऊन? देवीचं काम आहे."

"देवीचं नाही, माह्यं काम आहे. अन् ते खराब झालं."

त्याने जंबुऱ्याने खांबातला एक खिळा ओढला. चिखलातून निघावा तसा तो निघाला, मधोमध झिजून सुईएवढा बारीक झालेला.

"लाकडात तांब्याचं औषध आहे. ओल लागली का ते लोखंड खाते. हा गंज आहे. महाराज रोज पाणी टाकून राहिले, म्हणून जास्त गळते. अन् वाळवी मारायचं पाणी तुमी तीर्थ म्हणून पिऊन राहिले."

"मातेवर शंका?" महाराज गरजले.

"मंग पहिले तुमीच चढा," जमुनाबाई शांतपणे म्हणाली.

महाराजांनी वर पाहिलं, खिळ्याकडे पाहिलं, आणि त्यांना एकदम कोहमाऱ्याला अर्जंट काम आठवलं.

लोक हसले. गर्दीतला सुखराम हसला नाही. गुडघ्यांसाठी त्याची म्हातारी सात दिवस ते पाणी प्यायली होती.

"तुले माहीत होतं, तर चूप काऊन होता?"

"लोक माह्याही पाया पडत होते," बकाराम म्हणाला. तुमच्या गावात असं काही गळू लागलं, तर हात जोडण्याआधी ते बांधणाऱ्याला विचारा. आणि बांधणारे तुम्हीच असाल, तर पहिल्याच दिवशी तोंड उघडा.