ऐकून घेतलेलं

आजींनी वाकून नातीच्या बुटाची नाडी बांधायला घेतली आणि बांधता बांधताच सांगायला सुरुवात केली, त्यामुळे त्यांना थांबवायचं वकीलबाईंना सुचलंच नाही.

एरवी मोफत कायदा मदत केंद्रात आलेल्या माणसाला बाहेरच्या टेबलावरच विचारत, तुमचं नाव काय आणि तक्रार कुणाविरुद्ध. त्याशिवाय कुणी आतल्या खोलीत येत नसे. पण त्या दिवशी टेबलावरची बाई दाढदुखीनं घरी होती, बाहेरच्या खुर्च्या भरल्या होत्या, आणि आजी धापा टाकत जिना चढून आल्या तेव्हा वकीलबाईंनी स्वतःच त्यांना आत बसवून पाणी दिलं होतं.

आजींचं म्हणणं साधं होतं. नात रांगत होती तेव्हापासून त्यांनीच तिला वाढवलं. जावई घर सोडून गेला, मुलगी दुसऱ्या गावी कामाला गेली, कधीमधी तोंड दाखवायला यायची. आता म्हणे तिनं खोली घेतली आहे आणि पोरीला घेऊन जायचं म्हणते. थेट कोर्टात गेली. सोमवारी तारीख.

नात खिडकीपाशी गेली तसा आजींनी आवाज उतरवला.

"खरं सांगू का बाई, हल्ली मला चक्कर येते. परवा स्वयंपाकघरातच पडले. गॅस चालू, आणि ही शेजारी उभी. शुद्धीवर आले तर माझ्या तोंडावर पाणी मारत होती. डॉक्टरांना तेवढं ठाऊक आहे, बाकी कुणाला नाही. कोर्टात विचारलं तर काय म्हणायचं, तेवढं सांगा मला."

मुलीचं नाव वकीलबाईंनी विचारलं ते तेव्हा. नाव ऐकून त्यांनी हातातलं पेन खाली ठेवलं.

ती मुलगी त्यांचीच पक्षकार होती. इस्पितळाच्या धुलाईखान्यात ती चादरी धुवायची, साबणाच्या पाण्यानं तिचे हात सोलवटलेले असायचे. आई दार उघडत नाही, बेल वाजवली की आतला टीव्ही मोठा करते, हे सांगताना तिला पुढे बोलवायचं नाही. वकीलबाईंनी मनापासून मेहनत घेतली होती, तरी बाजू लंगडीच होती. मूल जिथं रुळलं आहे तिथून न्यायाधीश सहसा हलवत नाहीत. आणि आता ही चक्कर, हा चालू गॅस. एवढ्यावर सगळी केस फिरली असती.

"आजी, तुमचं काम आम्हाला घेता येणार नाही."

"का हो?"

"कारण सांगता येत नाही. पण तुम्ही बोललात ते या केंद्राबाहेर जाणार नाही."



"सगळं ऐकून घ्यायच्या आधी सांगायचं होतंत," आजी म्हणाल्या, आणि नातीचा हात धरून, दुसऱ्या हातानं कठडा पकडत, जिना उतरून गेल्या.

दुपारभर वकीलबाईंनी दुसऱ्या कामांत डोकं घालून पाहिलं. एका भाडेकरूशी त्या उगाचच तुसडेपणानं बोलल्या आणि नंतर त्याची माफी मागितली. आजी आल्याचं त्यांच्याखेरीज कुणालाच माहीत नव्हतं. गप्प बसलं असतं तरी चाललं असतं. पण सोमवारी न्यायाधीशांपुढे उभं राहिल्यावर, मूल आजीकडे सुखरूप आहे का, असा प्रश्न आला की आपलं तोंड काय बोलेल, याची त्यांना खात्री वाटेना.

संध्याकाळी त्या थोरल्या वकिलांच्या खोलीत गेल्या. हे केंद्र त्यांनीच उभं केलं होतं. त्यांनी सगळं ऐकलं, चष्मा काढून डोळे चोळले आणि म्हणाले, मग दोघींचंही सोडावं लागेल.

"सर, मुलीचं काय चुकलं?"

"कुणाचंच काही चुकलं नाही. चुकलं ते आपलं. पण तुला आता जे माहीत झालंय ते वापरलंस तर म्हातारीचा घात आणि दाबून ठेवलंस तर तिच्या मुलीचा. तू कुठं उभी राहणार?"



मुलीला सांगणं त्याहून जड गेलं. ती कामावरून तशीच आली होती. ऐकल्यावर तिनं पहिल्यांदा विचारलं, माझ्याबद्दल काही वाईटसाईट कानावर आलंय का. नाही म्हटल्यावर मग काय ते सांगा म्हणाली. वकीलबाईंनी आणखी दोन वकिलांचे पत्ते दिले, तारीख पुढे ढकलून मागायची कशी तेही समजावलं. ती ऐकत नव्हती.

"दार न उघडणारी आई परवडली, ताई. ती निदान आत घेऊन बाहेर तरी काढत नाही."

सोमवारी वकीलबाईंना त्या भाडेकरूच्या कामासाठी कोर्टात जावंच लागलं. काम लवकर आटोपलं. परतताना व्हरांड्याच्या वळणावर त्यांचे पाय थबकले. समोरच्या लांब बाकाच्या एका टोकाला आजी बसल्या होत्या, दुसऱ्या टोकाला मुलगी. मधे नात, पाय हलवत. दोघींबरोबरही वकील नव्हता.

"वकील नाही केलास?" आजींनी समोरच्या भिंतीकडे बघत विचारलं.

"होती एक. ऐन वेळी सोडून गेली. चौकाजवळच्या त्या मोफत केंद्रातली."

आजींनी मान वळवली. "चष्मेवाली? पाणी देते आधी?"

"तू कशाला गेली होतीस तिथं?"

"तू ज्याला गेलीस त्यालाच." आजी जरा सरकल्या. "सगळं काढून घेतलं माझ्याकडून आणि मग म्हणे, घेता येत नाही. मेली मी, मला चक्कर येते तेसुद्धा तिला सांगून बसले."

"कसली चक्कर?"

नातच म्हणाली, "आजी पडली होती. मी पाणी मारलं."

मुलगी पोरीकडे बघत राहिली, मग आईकडे. त्यानंतर तिनं जे विचारलं ते इतक्या खालच्या आवाजात होतं की वकीलबाईंना ऐकू आलं नाही. आजींनी नुसती मान हलवली.

तेवढ्यात शिपायानं पुकारा केला आणि मूल आत आणायचं नाही म्हणून बजावलं. मुलगी उठली.

"तू बस हिच्यापाशी. चक्कर येत असेल तर आत उभं राहायचं नाही."

"आणि माझ्या बाजूनं कोण बोलणार?"

"मी बोलते ना."

ती आत गेली. आजी पोरीला जवळ ओढून तिथंच बसून राहिल्या. आपण आत गेलो नाही तर समोरचीचं ऐकूनच निकाल होऊ शकतो, हे त्यांना कुणी सांगितलेलं नव्हतं. मुलीला तरी ते ठाऊक होतं का, हे वकीलबाईंना सांगता आलं नसतं. दोघींपैकी कुणालाही सल्ला द्यायचा हक्क त्यांना उरला नव्हता.

त्या बाकापाशी गेल्या. आजींनी त्यांना पाहिलं आणि तोंड फिरवलं.

"मी बसते हिच्याजवळ," वकीलबाई म्हणाल्या. "तुम्ही जा आत. खुर्ची मागा, देतात."

आजी लगेच उठल्या नाहीत. नातीच्या केसांवरून त्यांनी हात फिरवला, वकीलबाईंना आपादमस्तक न्याहाळलं, मग भिंतीला धरून उभ्या राहिल्या आणि आत गेल्या.

दार लागलं. नातीनं विचारलं, तुम्ही कोण? कुणी नाही, वकीलबाई म्हणाल्या, अशीच बसलेय. आतलं शब्दशः काही कळत नव्हतं. एवढंच ऐकू येत होतं, की दोघी एकदमच बोलत आहेत आणि न्यायाधीशबाई त्यांना पुन्हा पुन्हा सांगत आहेत, एकेकीनं बोला.