विचारायचं राहून गेलेलं

देशातल्या पहिल्या काही संगणकांवर काम केलेले बापूराव म्हातारपणी सावली गावी, विधवा बहीण कमलाकडे राहायला आले. एका दुपारी कमला मोबाइलमधल्या बोलणाऱ्या यंत्राला नवऱ्याच्या शेवटच्या आजारपणाचं सांगताना दिसली.

"कमला, त्याले काहीच समजत नाई. माहा जन्म गेला त्याच कामात."

"मालूम आहे, दादा. पण ते विचारते तरी. तू दोन वर्षांत एकदाही नाई विचारलं."

यंत्राला माणसाचं दुःख कधी कळेल का, यावर बापूराव देशोदेशी बोलले होते. बहिणीचं दुःख मात्र ऐकवणार नाही म्हणून त्यांनी विचारणं टाळलं होतं. ते तिच्याजवळ चटईवर बसले.

"मले सांग. त्या आजारपणात जवाईबापूले काय होत होतं?"

कमलानं मोबाइल बाजूला ठेवला. चहाची वेळ टळून गेली, तरी बापूराव उठले नाहीत.