तोर्स्तीची मान

तोर्स्ती वायनियोबरोबर मी अकरा वर्षं रेडिओवर आइस हॉकीची कॉमेंट्री केली. मी खेळ सांगायचे, तो त्यातली मेख सांगायचा. त्याआधी चौदा मोसम तो आमच्या हार्माला गावाच्या संघात बचावाला होता. गोल त्याने मोजकेच केले, पण त्याच्या बाजूने घुसताना समोरचे दोनदा विचार करायचे. पहिल्या प्रसारणात तो इतका गप्प बसला, की लोकांनी फोन करून विचारलं, तुमचा तोर्स्ती आला नाही का? पुढे त्याला सूर सापडला. बर्फावरची रबरी चकती कुठे जाणार ते तो आधी सांगायचा, आणि ती तिथेच जायची.

सत्त्याण्णव सालचं अजिंक्यपद हे आमच्या गावाचं एकमेव. त्याला पंचवीस वर्षं झाली म्हणून एका शनिवारी दुपारच्या सामन्याला जुना संघ बोलावला होता. पहिल्या मध्यंतरात तेव्हाचे संघाचे डॉक्टर पेल्तोला आमच्या कॉमेंट्रीच्या खोलीत आले. ऐंशीच्या पुढचे, गुलाबी गालांचे, हातात दालचिनीचा पाव.

"डॉक्टर, त्या अंतिम सामन्यांची एखादी आठवण सांगा," मी म्हटलं.

"सांगतो ना. हा बसलाय शेजारी, हा शेवटचे तीन सामने मोडक्या मानेने खेळला."

तोर्स्ती हसला. "स्नायू धरला होता हो, डॉक्टर."

"स्नायू असं तुला सांगितलं होतं. सहावा मणका होता तो, चांगली चीर गेली होती." डॉक्टरांनी पावाचा तुकडा तोंडात टाकला. "खरं सांगितलं असतं तर खेळला असतास होय?"

त्यांना ती गंमतच वाटत होती. माइक चालूच होते. समोरच्या घड्याळात मी सात सेकंद मोजले. मग तोर्स्तीने, धावफलक विचारावा तशा आवाजात विचारलं, "आणखी कोणाला माहीत होतं?"

"प्रशिक्षकांना, ते तर गेले बिचारे. आणि कप्तान म्हणून राउनोला. जुनं झालं रे ते, पोरा. जिंकलो ना आपण."

राउनो म्हणजे दौऱ्यांवर दहा वर्षं तोर्स्तीच्या खोलीत झोपलेला माणूस, त्याच्या मुलीचा बाप्तिस्म्यातला धर्मपिता. त्या वेळी तो खाली जुनी जर्सी घालून लोकांना हात करत होता.

मी जाहिराती लावल्या. डॉक्टर तोर्स्तीचा खांदा थोपटून निघून गेले.

"तू घरी जा, उरलेलं मी एकटी करते," मी म्हटलं.

"दुसरा भाग सुरू होतोय," म्हणत त्याने हेडफोन चढवले.

उरलेला सामना त्याने चूक न करता सांगितला. फक्त कुणी मैदानाभोवतीच्या फळ्यांवर आपटला की तो थांबायचा, आणि तेवढं मी भरून काढायचे. टेबलाखाली त्याने उजव्या हाताने डावा हात धरून ठेवला होता. त्या हाताची दोन बोटं कित्येक वर्षं बधिर होती. त्याच्या हातून कप पडले की आम्ही ऑफिसात हसायचो. मीही.

सामना संपल्यावर तो खाली निघाला तशी मीही मागोमाग गेले. राउनो कपडे बदलायच्या खोलीत एकटाच बाकावर बसला होता. बातमी त्याच्यापर्यंत पोचली होती.

"खरंय?" तोर्स्तीने विचारलं.

"हो."

"तुला कधी कळलं?"

"मंगळवारी, वाफ घ्यायला सौनात बसलो होतो तेव्हा. डॉक्टर म्हणाले, सांगायचं का त्याला? मी म्हटलं, रविवारी सांगू."

"आणि रविवारी?"

"रविवारी आपण जिंकलो. मग उन्हाळा लागला, तू बरा दिसत होतास. पुढच्या मोसमात तू उतरलास, तेव्हा कुठल्या तोंडाने सांगणार होतो?"

"त्यानंतर मी चार मोसम खेळलो, राउनो."

"माहीत आहे. तू पडलास की उठेपर्यंत मी श्वास धरून असायचो."

तोर्स्ती आता त्याला मारणार असं मला वाटलं.  पण तो समोरच्या बाकावर बसला आणि त्याने बुटांच्या नाड्या सोडून पुन्हा बांधल्या. मग माझ्याकडे वळून म्हणाला, "गाडी तू चालवतेस का?"

सोमवारी त्याने दवाखान्यात तपासणी करून घेतली. हाड वाकडं जुळलं होतं आणि हाताकडे जाणारी नस दाबत होतं. तिथल्या तरुण डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "अपघात कधी झाला?" तो म्हणाला, "परवा कळलं."

मे महिन्यात शस्त्रक्रिया झाली. हात वाचला, बोटांची जाण गेली ती गेलीच. पेल्तोलांचं पत्र आलं, तेव्हा असंच चालायचं म्हणून. ते त्याने अर्धंच वाचून माझ्याकडे देऊन टाकलं. राउनो रोज दवाखान्यात येऊन व्हरांड्यात बसायचा. चार दिवस तोर्स्तीने त्याला आत घेतलं नाही. पाचव्या दिवशी नर्सला म्हणाला, "त्याला येऊ दे. मी बोलणार नाही."

राउनो कोट न काढता खिडकीपाशी तासभर बसला. मीही होते.  शेवटी तो उठला. "उद्या येऊ?"

तोर्स्तीने डोळे उघडले नाहीत. "उद्या घरी सोडतायत. अकरा वाजता. आमच्याकडे तीन जिने आहेत, धरायला कुणीतरी लागेल."