शेजारची खुर्ची

"टीचर, खरं सांगा, तिन्ही शाळांत चांगली कुठली?" मल्लिगानं दारातच विचारलं. अंगावर कारखान्याचा निळा कोट, हातात दुपारच्या पाळीचा डबा. तिच्यामागून सहा वर्षांची यालिनी बाहेर डोकावत होती.

तिलकवती टीचर चौथा मजला चढून धापा टाकत होत्या. मलेशियातल्या बटरवर्थच्या या सरकारी इमारतींतून दर वर्षी नोंदणीच्या आधी त्या आणि हेडमास्तर पेरुमाळ असेच फिरत. त्यांच्या तमिळ शाळेच्या पहिलीत यंदा सातच मुलं होती. आकडा असाच घसरला, तर शाळा दुसरीकडे विलीन करणार, असं वरून कानावर आलं होतं. त्यामुळे मास्तरांच्या हातात फुकट दप्तरं आणि टीचरांच्या तोंडात पाठ झालेलं भाषण असे.

"सरकारी मलय शाळा जवळ आहे," मल्लिगा बोटांवर मोजत म्हणाली, "पण तिथं पोरं उंडारतात म्हणे. चिनी शाळेत पोरगी घासून निघेल, पण पुढं जाईल. आमचा सुपरवायझर चिनी, मॅनेजर चिनी. त्यांची भाषा येत असती, तर मी अजून कारखान्याच्या सरकत्या पट्ट्यावर उभी राहिले असते का? तिकडं जागा मिळतेय, टीचर. उद्या जाऊन नाव घालायचंय."

"तिथं एका वर्गात चाळीस मुलं," टीचर म्हणाल्या. "तुझी पोरगी मागच्या बाकावर रडली तरी कुणाला कळायचं नाही. आमच्याकडं मी हात धरून शिकवते. आपल्या भाषेत शिकलेलं डोक्यात बसतं, मग बाकीच्या भाषा येतात."

यातलं एक अक्षरही खोटं नव्हतं. मल्लिगा ऐकत राहिली. मग तिनं सहज विचारलं, "तुमचाही मुलगा आताच पहिलीत जाणार ना? तुमच्याच वर्गात असेल."

हेडमास्तर वाकून बुटाची नाडी बांधू लागले. त्यांच्या बुटांना नाड्या नव्हत्या.

"हो," टीचर म्हणाल्या.

"मग प्रश्नच मिटला! स्वतःच्या पोराला कुणी वाईट शाळेत घालतं का? माझीला फक्त त्याच्या शेजारी बसवा."

जिन्यात हेडमास्तर टीचरांची नजर चुकवून भराभर उतरले. त्यांचीही दोन्ही मुलं चिनी शाळेत शिकून कॉलेजला गेली होती. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण, यातली गत. टीचरांच्या मुलाचं, कविनचं, नाव चिनी शाळेत कधीच पक्कं झालं होतं. विचारलं की त्या नवऱ्यावर ढकलत, "सेगरन ऐकतच नाहीत हो." पण सेगरनचा हट्ट हा निव्वळ बहाणा होता. कविनला चिनी बालवाडीत घातलं तेव्हा याच टीचर पहाटे उठून रांगेत उभ्या राहिल्या होत्या, आणि तो चिनी आकडे घडाघडा म्हणे तेव्हा सगळ्यांत आधी त्यांचाच ऊर भरून येई. हे त्यांना पुरतं ठाऊक होतं आणि त्याचीच त्यांना लाज वाटे.

शाळा सुरू झाली. पहिल्या दिवशी आया खिडकीच्या गजांना लटकतात, तशी मल्लिगाही लटकली होती. यालिनी नव्या निळ्या झग्यात ताठ बसली होती. शेजारची खुर्ची रिकामी होती.

"टीचर, तुमचा कुठाय?"

सगळ्या आया बघत होत्या. टीचरांच्या तोंडून निघून गेलं, "ताप आलाय त्याला."

"अय्यो! पहिल्याच दिवशी? दृष्ट लागली असेल."

दुसऱ्या दिवशी यालिनीनं दप्तरातून बाटली काढून टेबलावर ठेवली. मिरीचं रसम होतं. "अम्मानं पाळीवरून येऊन केलं. त्याला गरम करून द्यायचं." टीचर बाटली घरी घेऊन गेल्या. सेगरननं ते भातावर ओतून ओरपलं, कविनलाही दिलं आणि म्हणाला, "फक्कड झालंय. कुणी केलं?" टीचर न जेवताच उठल्या.

त्या आठवड्यात यालिनीनं शेजारी कुणाला बसू दिलं नाही. रोज सकाळी ती दोन पेन्सिली काढी, एक आपल्यापुढं आणि एक शेजारी. "इथं टीचरचा मुलगा बसणार आहे," ती इतर मुलांना दरडावून सांगे. टीचर फळ्याकडं वळून उगाच पुसलेलं पुन्हा पुसत.

शेवटी शुक्रवारी त्यांनी मल्लिगाला फाटकाबाहेर गाठलं. कारखान्याची व्हॅन यायची होती.

"मल्लिगा, माझा मुलगा या शाळेत नाही. चिनी शाळेत आहे. तू विचारलंस तेव्हाही त्याचं नाव तिथंच होतं. मी खोटं बोलले."

मल्लिगा हसली. चेष्टाच वाटली असावी तिला. मग टीचरांच्या चेहऱ्याकडं पाहून तिचं हसू ओसरलं.

"आणि ताप?"

"तोही नव्हता."

"मी चिनी शाळेला नको म्हणून कळवलं, टीचर. त्यांनी ती जागा दुसऱ्याला दिली." तिचा आवाज चढला नाही. चढला असता तर बरं झालं असतं. "शाळा वाईट नाही म्हणा. पोरगी अक्षरं गिरवायला लागलीय. पण मी शाळा कुठं बघितली होती? मी तुम्हाला बघितलं होतं."

"काय वाटेल ते बोल मला. चूक माझीच आहे."

"मला काय बोलायचंय?" व्हॅन आली होती. मल्लिगा पायरीवर चढली आणि वळून म्हणाली, "तिला मी नाही सांगायची. ती रोज तुमच्या पोराची वाट बघते. तुम्हीच सांगा."

सोमवारी यालिनीनं पेन्सिली मांडल्या. शेजारची खुर्ची तिनं झग्याच्या टोकानं पुसली. टीचर तिथं गेल्या आणि त्या बुटक्या खुर्चीवर कशाबशा बसल्या. गुडघे बाकाला टेकले.

"यालिनी, तो येणार नाही."

"अजून ताप आहे?"

"नाही. त्याला ताप आलाच नव्हता. तो दुसऱ्या शाळेत जातो."

यालिनीनं थोडा विचार केला. "ती चांगली आहे?"

उत्तरादाखल टीचरांकडं मोठं भाषण होतं, चार मजले चढून पाठ झालेलं. त्यातलं एक वाक्यही त्यांना आठवेना.

यालिनीनं शेजारची पेन्सिल उचलली, डबीत ठेवली आणि झाकण लावलं.